नळाजवळचं वळण

मागून पावलं येत होती. एक हलकं, एक जड. टप, ठप्प. टप, ठप्प.

वाटाड्याने मागे वळून पाहिलं नाही. पुढे धावून दुसऱ्याला वेग देणाऱ्याने मान वळवायची नसते. मान वळली की चाल बिघडते आणि चाल बिघडली की मागच्याचा भरवसा उडतो. आयुष्यभराची ही सवय अंगात इतकी मुरली होती, की बायकोने रस्त्यात हाक मारली तरी तो आधी थांबायचा आणि मग कपाट सरकवावं तसा अख्खाच्या अख्खा वळायचा.

"काका, वेग बरोबर आहे ना?" मागून धापा टाकत प्रश्न आला.

"बोलू नकोस. बोलायला दम उरतोय म्हणजे कमीच आहे."

पोरीचा आवाज आला ते बरंच झालं. कारण खरं सांगायचं तर मागे धावतंय ते कोण, ही पोर की तिचा बाप, हे नुसत्या पावलांवरून त्याला सांगता येत नव्हतं. आणि बाप जाऊन सहा वर्षं झाली होती.

मैदानाच्या पहिल्या वळणावर, आतल्या गवताच्या कडेला, पिण्याच्या पाण्याचा एक नळ होता. तो कधीच पूर्ण बंद व्हायचा नाही. खाली सिमेंटवर हिरवट डाग पडला होता. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या, वळण आलं, नळ दिसला आणि वाटाड्याचे पाय ठरल्याप्रमाणे आतल्या गवताकडे वळले. त्याने पोरीला वाट मोकळी करून दिली.

"आता सोड! सगळं सोड! पळ!"

पोरगी त्याच्या शेजारून पुढे गेली, दहा-पंधरा पावलं बरी गेली आणि मग ढिली पडली. दमलेल्या माणसासारखी नाही. दमलेला माणूस लंगडतो, डोकं हलवतो, खांदे आवळतो. ही नुसती हळू झाली. मोठ्या रस्त्याने तरातरा चाललेल्या माणसाला अचानक आपण निघालो कशाला होतो हेच आठवू नये, तशी. उरलेल्या दोन फेऱ्या तिने कशाबशा संपवल्या, रेषेवर आली आणि बूट काढून फेकला.

"नाही होत मला! तिसऱ्यांदा तेच. मागच्या वर्षी तेच, त्याच्या आधी तेच. दरवेळी नळापाशीच."

"दम कमी पडतोय का?"

"दम आहे हो काका! दम आहे म्हणून तर रडू येतंय."

निवड चाचणी पुढच्या रविवारी होती. पाच हजार मीटर. पहिल्या तिघी राज्याच्या शिबिरात जाणार, बाकीच्या घरी. आणि पोरीच्या आईने, म्हणजे वाटाड्याच्या वहिनीने, शांतपणे सांगून ठेवलं होतं, की ही शेवटची. यंदा झालं तर झालं, नाहीतर बूट माळ्यावर.

वाटाड्याला खरं नाव होतं, पण ते फक्त बायकोच्या रागात आणि निकालाच्या कागदावर यायचं. त्या कागदावर नावापुढे नेहमी एकच शेरा असायचा: शर्यत पूर्ण केली नाही. पेसरचं आयुष्यच तसं. दुसऱ्याला वेग द्यायचा, वारा आपल्या छातीवर घ्यायचा आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधी गवतावर उतरून चालू पडायचं. इतर पेसर अर्ध्यावर सुटत. हा पठ्ठ्या शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत दम टिकवायचा, आणि सगळं कुणासाठी, तर ठोक्यासाठी, म्हणजे जिवलग दोस्तासाठी, या पोरीच्या बापासाठी. ठोक्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा जोरात पडायचा, म्हणून तो ठोक्या. गवतावर उतरलं की वाटाड्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायचा, तोवर तिकडे ठोक्या जिंकलेला असायचा. इतकी वर्षं बरोबर धावूनही वाटाड्याने ठोक्याला धावताना नीट पाहिलंच नव्हतं. त्याने त्याला फक्त ऐकलं होतं.

पोटापाण्यासाठी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तिथेही काच घासून द्यायची आणि फ्रेममध्ये बसवायची मालकाने. गिऱ्हाईक चष्मा लावून आरशात बघतं तेव्हा हा आतल्या खोलीत पुढची काच घेऊन बसलेला. त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

बायकोला मात्र वाटायचं. त्या संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "दुपारी वहिनी आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. बसल्या, चहा घेतला. म्हणाल्या, भावजींना सांगा, पोरीला ओरडू नका. तिला बापासारखं व्हायचंय आणि बाप तर नाही."

टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता. नायकाची आई खाटेवर पडली होती. वाटाड्या उठला.

"झालं? निघालात?" बायको म्हणाली. "अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली, एका सिनेमाचा शेवट आपण बरोबर बघितला नाही. माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात पंगत उठायच्या आत तुम्ही रिक्षात. लोक मला विचारतात, तुमच्या ह्यांना कुठे आग विझवायला जायचं असतं का?"

"पाणी पिऊन येतो," तो म्हणाला.

तो स्वयंपाकघरात गेला, पेला भरला आणि न पिताच ओट्यावर ठेवून उभा राहिला. बाहेरच्या पॅसेजमधून कुणीतरी चालत गेलं. एक हलकं, एक जड. शेजारचे म्हातारे असतील, त्यांचा गुडघा दुखतो. असतीलच. त्याने दार उघडून पाहिलं नाही.

आता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सहा वर्षांपूर्वी ठोक्या हॉस्पिटलात होता. पोटाचा आजार, डॉक्टरांनी हात टेकलेले. वाटाड्या रोज दुकान सुटलं की जायचा, उशाशी बसायचा, जुन्या शर्यती पुन्हा धावायचा. ठोक्या हसायचा. शेवटच्या संध्याकाळी ठोक्याचा श्वास बदलला. ज्याने आयुष्यभर मागच्याचा श्वास ऐकला त्याला ते कळणार नाही तर कुणाला कळणार? ठोक्याने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, "आज थांब ना शेवटपर्यंत." वाटाड्या म्हणाला, "थांबतो की." थोडा वेळ बसला. मग म्हणाला, "पाणी पिऊन येतो."

जिना उतरला. खाली पाण्याचं मशीन होतं, त्याच्यासमोरून गेला. फाटक ओलांडलं. घरी आला. बायकोला म्हणाला, "झोप लागलीय त्याला." सकाळी फोन आला.

कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. त्यानंतर महिनाभराने तो पहाटे एकटा धावायला गेला, तर दुसऱ्या फेरीला मागून पावलं सुरू झाली. टप, ठप्प. त्याच्या अंगावर काटा आला. तो वेग वाढवेल तशी ती वाढायची, तो हळू झाला की हळू. कधी शिवी नाही, हाक नाही. नुसतं मागे. विचारायचं असेल ते विचारून टाक रे बाबा, असं त्याने कितीदा तरी मनात म्हटलं. मग ठोक्याची पोरगी बुटांची नाडी बांधत समोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "काका, मला शिकवा," आणि तिचाही उजवा पाय जड निघाला. तेव्हापासून वाटाड्या एकटा कधी धावला नाही.

बुधवारी पोरगी त्याला ओढत 'मनाच्या बाईं'कडे घेऊन गेली. बाई क्रीडा संकुलात नव्याने आलेल्या होत्या. खेळाडूंच्या डोक्यात काय चालतं ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यांना खोली दिली होती ती अडथळ्यांच्या शर्यतीच्या मोडक्या सामानाची. दोन खुर्च्या, एक सतरंजी आणि भिंतीला टेकवलेले गंजके लोखंडी पाय.

"तुम्हीही बसा, सर," बाई म्हणाल्या. "फक्त मध्ये बोलू नका."

"मी कशाला बोलतोय," वाटाड्या म्हणाला आणि दाराजवळची खुर्ची पकडली. पटकन उठता येईल अशी.

बाईंनी पोरीला सतरंजीवर आडवं व्हायला सांगितलं. "डोळे मीट. रविवारची शर्यत आहे. बंदूक वाजली. मला सांगत जा, काय दिसतंय. घाई नाही."

पोरगी सांगू लागली. गर्दी, कोपरं, पहिल्या फेरीची घाई. मग चाल बसली. हिरव्या बनियनवाली पुढे आहे, तिला जाऊ दिलं. वाटाड्या मान डोलवत होता. पोरगी बरोबर धावत होती, अगदी शिकवलं तसं. तिच्या पायाची बोटं मोज्यात हलत होती.

"दोन फेऱ्या राहिल्या," ती म्हणाली. "नळ दिसतोय. काका बाहेर पडले."

बाईंनी वर पाहिलं. "रविवारच्या शर्यतीत काका कुठे आहेत? काका तर बाहेर बसणार."

"नाही. पुढे आहेत. नेहमी पुढेच असतात. आता पाणी प्यायला गेले."

"बरं. मग?"

बोटं थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की वाटाड्याला लांबच्या नळाची गळती ऐकू येतेय असं वाटलं.

"मग काय दिसतंय?"

"खोली," पोरगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "बाबांची हॉस्पिटलातली खोली. मी खाली चटईवर आहे. सगळ्यांना वाटतंय मी झोपलेय. काका म्हणाले, पाणी पिऊन येतो. मग बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, वाटाड्या गेला का? आई म्हणाली, पाणी प्यायला गेलेत, येतील. बाबा हसले. म्हणाले, तो पाणी प्यायला गेला, म्हणजे दोनच फेऱ्या राहिल्या."

"मग?"

"मग काही नाही. मग सकाळी बाबा नव्हते."

वाटाड्या खुर्चीतून उठला होता. त्याचा हात दाराच्या कडीवर होता, कधी गेला त्याचं त्यालाच कळलं नाही. घशाला कोरड पडली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याचं नाव काढायची त्याला लाज वाटली. सहा वर्षं त्याला वाटत होतं, आपलं पळून जाणं निदान पोरीला तरी माहीत नाही. चटईवरच्या बारा वर्षांच्या पोरीने ते पाहिलं होतं. आणि त्याने काय केलं? सहा वर्षं आठवड्यातून तीनदा, त्याच वळणावर, तिला तेच पुन्हा पुन्हा दाखवलं.

"सर," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बसता का?"

तो बसला. रडला नाही, पण नाक वाहू लागलं आणि रुमाल सापडेना. पोरगी उठून बसली आणि तिने आपला घाम पुसायचा टॉवेल त्याच्याकडे फेकला.

"धुतलेला नाहीये," ती म्हणाली.

गुरुवारी दोघं मैदानावर आली. वाटाड्या म्हणाला, "आज मी बाहेर पडणार नाही. रेषेपर्यंत येणार."

"जमेल?"

"न जमायला काय झालं? पाय माझेच आहेत."

पण पाय त्याचे नव्हतेच. नळ दिसला आणि ते आपसूक गवतावर गेले. गाय गोठ्याकडे वळते तसे. तो आ वासून आपल्याच बुटांकडे बघत राहिला. मागे पोरगीही थांबली.

"घ्या!" ती म्हणाली. "म्हणजे तुम्हालाही होत नाही."

तिला हसू फुटलं, मग यालाही. दोघं गवतावर पोट धरून हसली आणि हसता हसता वाटाड्याने तिला सांगून टाकलं. जिना, मशीन, फाटक, बायकोला मारलेली थाप, सगळं. "मी घाबरलो गं," तो म्हणाला. "त्याने थांब म्हटलं आणि मी घाबरलो. शेवट कसा असतो ते मला माहीतच नाही. मी कधी बघितलाच नाही."

पोरगी गवत उपटत होती. "बाबा रागावले नव्हते," ती म्हणाली. "पण मी रागावले होते. अजून आहे."

"असू दे," वाटाड्या म्हणाला. "उद्या ये."

शुक्रवारी ऊन उतरल्यावर सुरुवात झाली. वाटाड्याच्या छातीचा भाता झाला होता, मांड्या लाकडासारख्या. मागे टप, ठप्प, टप, ठप्प. दोन फेऱ्या राहिल्या. वळण आलं. नळ दिसला. डावा खांदा आपसूक गवताकडे झुकायला लागला, आणि तेवढ्यात मागून, अगदी मानेजवळून, धापेत तुटत आवाज आला.

"थांबा ना आज. शेवटपर्यंत."

आवाज पोरीचाच होता. शब्द मात्र तिचे नव्हते. वाटाड्याने दात आवळले, खांदा सरळ केला आणि नळ डाव्या हाताला जाऊ दिला. गवत मागे पडलं. पुढे नुसता मोकळा रस्ता, लाल माती, ज्यावर शेवटच्या दोन फेऱ्या तो कधी धावलाच नव्हता. भीतीने त्याला रडू फुटलं आणि तो रडत रडत धावत राहिला. पन्नाशीच्या माणसाने बनियनवर धावत भोकाड पसरावं हे काही बरं दिसत नाही, पण बघायला तिथे होतंच कोण.

अर्ध्या फेरीने पावलं शेजारी आली. मग पुढे गेली. आणि वाटाड्याने पहिल्यांदा नीट पाहिलं: तो उजवा पाय कसा पडतो, टाच जराशी आत वळते, खांदा खाली येतो आणि मग सगळं अंग पुढे फेकलं जातं. असा धावायचा होय ठोक्या. इतकी वर्षं ऐकलेलं आज त्याला दिसत होतं. पोरगी ढिली पडली नाही. ती लांब लांब होत गेली, शेवटची फेरी, शेवटचा सरळ रस्ता, आणि रेषेपार गेली.

वाटाड्या बराच मागून आला. रेषा ओलांडून तो गुडघ्यांवर बसला आणि त्याला कोरड्या ओकाऱ्या आल्या. पोरगी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"पाणी मी आणते," ती म्हणाली. "तुम्ही इथून हलायचं नाही."

रविवारी ती तिसरी आली. हिरव्या बनियनवालीच्या आणि आणखी एकीच्या मागे, चौथीच्या छातीभर पुढे. नळाजवळच्या वळणावर तिचं एक पाऊल अडखळल्यासारखं झालं. कुंपणाबाहेर वाटाड्याने गज दोन्ही हातांनी आवळले, पण तो ओरडला नाही. मग तिचा उजवा पाय जोरात पडला आणि ती निघाली. वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी शेवटची फेरी डोळे मिटून काढली आणि सारखं विचारत राहिल्या, "भावजी, तुम्ही आहात ना?" तो म्हणत राहिला, "आहे, वहिनी. आहे इथंच."

नावं पुकारली गेली, फोटो झाले. पोरगी आईच्या गळ्यात पडली, मग काकांच्या, मग बूट हातात घेऊन अनवाणी निघून गेली. पंचांनी घड्याळं आवरली, खुर्च्या एकात एक घातल्या. वाटाड्याचा फोन वाजला.

"अहो, वहिनी घरी पोचल्यासुद्धा," बायको म्हणाली. "तुम्ही कुठे आहात? नेहमी तर सगळ्यांच्या आधी असता."

"मैदानावर आहे. थोडं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"दोन फेऱ्या," तो म्हणाला. "तू तो सिनेमा लावू नकोस मी येईपर्यंत."

उन्हं कलली होती. मैदानात कुणी नव्हतं. वाटाड्याने चपला रेषेजवळ काढून ठेवल्या आणि धावायला नाही, चालायला लागला. दहा पावलं गेला असेल नसेल, मागून सुरू झालं. टप, ठप्प. या वेळी त्याने वेग वाढवला नाही.

"उशीर झाला रे," तो म्हणाला.

नळाजवळ त्याचे पाय जरा रेंगाळले. त्याला तहान लागली होती. तो तसाच पुढे गेला. मागची पावलंही आली, तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच सावकाश, एक फेरी आणि मग दुसरी. शेवटच्या सरळ रस्त्यावर तो आतल्या कडेपासून थोडा बाहेर सरकला आणि शेजारी एका माणसापुरती जागा ठेवली. रेषा आली. त्याने पाय पलीकडे टाकला आणि थांबला. त्याच्या मागोमाग एक हलकं पाऊल पडलं, मग एक जड.

तो वळला, सवयीप्रमाणे अख्खाच्या अख्खा. मैदान मोकळं होतं. त्याने चपला घातल्या, परत वळणापर्यंत गेला, पोटभर पाणी प्यायला आणि नळ जेवढा बंद होतो तेवढा बंद करून घरी गेला.